लेखनिकांचा उन्हाळा

मार्च सरत आला की माझा फोन अजून वाजतो. केंद्र बंद होऊन वर्ष उलटून गेलं, पण कुठल्या तरी कॉलेजच्या सूचनाफलकावर माझा नंबर अजून चिकटलेला असावा. पलीकडून कोणी तरी घाईघाईत विचारतं, "मॅडम, लेखनिक भेटन का?" मी सांगते, ते केंद्र आता नाही. मग पलीकडे शांतता. त्या शांततेत पंख्याची घरघर ऐकू येते, कोणाचं तरी खाकरणं ऐकू येतं, आणि कळतं की घरची सगळी माणसं फोनभोवती बसली आहेत. मी "बघते" म्हणून फोन ठेवते. बघण्यासारखं माझ्या हातात काही नसतं, तरी म्हणते.

आमच्याकडे परीक्षा आणि ऊन एकाच वेळी येतात. अमरावतीच्या गल्ल्यांतून कूलरच्या ताट्या बदलणारे हाळी देत हिंडू लागतात, ओल्या वाळ्याचा वास घराघरांत शिरतो, कडुनिंबाचा बारीक पांढरा मोहोर अंगणात सांडतो. दुपारी बाराला रस्त्यावर दिसते ती फक्त डोळे सोडून सगळा चेहरा दुपट्ट्यात गुंडाळलेली परीक्षार्थी जनता. माझी पुण्याची भाची एकदा एप्रिलात आली होती. मी तिच्या पिशवीत ऊन लागू नये म्हणून कांदा टाकला तर पोरगी हसून लोळली. दुसऱ्या दिवशी ऊन लागून पडली आणि मग गुपचूप स्वतःच कांदा मागू लागली.

मला हा हंगाम आवडायचा. खरं सांगते, आवडायचा. लोक आंब्याची वाट बघतात तशी मी परीक्षांच्या वेळापत्रकाची बघायची. आता वेळापत्रक लागल्याची बातमी पेपरात दिसली की मी पान उलटते.

'विद्यार्थी सहाय्य केंद्र' असं भारदस्त नाव होतं. प्रत्यक्षात विद्यापीठाच्या ग्रंथालयामागची एक लांबट खोली, दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि कोपऱ्यात प्लायवूड लावून काढलेली ध्वनिमुद्रणाची खोपटी. अंध मुलांसाठी आम्ही तिथे पुस्तकं वाचून मुद्रित करायचो आणि परीक्षेसाठी त्यांना लेखनिक मिळवून द्यायचो. मंगळवारी आणि शुक्रवारी समुपदेशक बाई यायच्या. त्यांच्याकडे मुलं 'फॉर्म कुठे मिळतो' असं विचारत शिरायची आणि तासाभरानं डोळे पुसत बाहेर पडायची. मी या सगळ्याची समन्वयक. अकरा महिन्यांचा करार, मग मध्ये खंड, मग पुन्हा अकरा महिने. अशी माझी नोकरी दर वर्षी मरायची आणि दर वर्षी जिवंत व्हायची, त्यामुळे ती एकदा मेली ती मेलीच, हे समजायला मला जरा वेळ लागला.

खोपटीत बाहेरचे हॉर्न ऐकू यायचे. तबस्सुम म्हणाली होती, "मॅडम, तुमच्या पुस्तकात दर पानाले एक ट्रक जाते." तबस्सुम अकोल्याची. जन्मापासून दिसत नाही. बी.ए.ला आमच्याकडे नाव नोंदवलं तेव्हापासून माझ्या आवाजातली पुस्तकं दुप्पट वेगानं ऐकायची आणि मला म्हणायची, "तुमी खऱ्यात लय हळू बोलता ब्वा." तिचे वडील रऊफभाई पिंजारी. जुन्या शहरात त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान. ट्रकची तक्रार ऐकून त्यांनी एक दिवस टेम्पोत दोन जुन्या कापसाच्या गाद्या आणल्या आणि खोपटीच्या भिंतींना खिळे मारून ठोकल्या. "आता बाहेर बॉम्ब फुटला तरी तुमचं वाचनं बंद नाई पडत मॅडम," म्हणाले. चहासुद्धा घेतला नाही.

लेखनिक म्हणजे फक्त चांगलं अक्षर, असं लोकांना वाटतं. तसं नाही. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला लागतो, म्हणून आम्ही अकरावी-बारावीच्या मुली जमवायचो आणि जानेवारीपासून दर रविवारी जोड्या बसवायचो. प्रश्न दोनदा वाचायचा. परीक्षार्थी बोलेल तेच लिहायचं. ती चुकली तरी पेन थांबवायचं नाही, कारण पेन थांबल्याचं तिला ऐकू येतं. उसासा सोडायचा नाही, 'अं?' करायचं नाही. तेवढ्यानंही उत्तर चुकल्याचं कळतं आणि तीही कॉपीच झाली. आणि प्रत्येक उत्तर संपलं की वाचून दाखवायचं. "पेन तुझं, पेपर तिचा," हे माझं वाक्य. मुली माझ्या माघारी कमरेवर हात ठेवून, नाकातून बोलून त्याची नक्कल करायच्या. मला ते माहीत होतं आणि मनातून बरंही वाटायचं.

ते पत्र आलं तेव्हा जानेवारी होता, रविवारच्या जोड्या सुरू व्हायच्या होत्या. निधीच्या अनुपलब्धतेमुळे सदर केंद्राचे कामकाज पुढील आदेशापर्यंत स्थगित ठेवण्यात येत आहे. खाली आणखी एक ओळ होती. संबंधित विद्यार्थ्यांनी लेखनिकाची व्यवस्था आपल्या स्तरावर करावी.

मी ती ओळ उभ्याउभ्या वाचली. आपल्या स्तरावर म्हणजे कुठे, ते मला कोणी सांगावं. रऊफभाईंचा स्तर म्हणजे आठ फुटांचं दुकान, कापसाच्या तुसानं पांढऱ्या झालेल्या भुवया आणि सही करण्यापुरतं मराठी. ज्या बाबूनं मला पत्र दिलं तो भला माणूस होता. "बाई, आमच्या हातात काय आहे? वरूनच कपात झाली," म्हणाला. त्याच्या वरच्यानंही तेच सांगितलं. मी तीन मजले चढले आणि प्रत्येक मजल्यावर कपात आणखी वरून झालेली निघाली. शेवटी गच्चीच उरली. परतून आले तर शिपायानं खोपटीतल्या गाद्या उपसून व्हरांड्यात टाकल्या होत्या आणि त्यांच्यावर कुत्रं झोपलं होतं. मी त्या कुत्र्यावर ओरडले. इतक्या जोरात ओरडले की ग्रंथालयातून दोघे जण बाहेर आले. त्याचा काय दोष होता?

माणूस पडलं तर आवाज होतो. अशी एखादी खोली बंद झाली तर काहीच होत नाही. निकाल लागतात, टक्केवारी छापून येते, आणि जी मुलगी परीक्षेलाच बसली नाही ती नापासांतही मोजली जात नाही. उन्हाळा आपल्या गतीनं येतो. ताट्या बदलल्या जातात.

मी माझ्या स्तरावर फोन करत राहिले. बऱ्याच मुलांना कोणी ना कोणी मिळालं, काहींना नाही. तबस्सुमला अकोल्यातलीच एक बारावीची मुलगी मिळाली. तिनं पाच पेपर नीट लिहिले. सहावा, राज्यशास्त्राचा, शेवटचा. तो निघाला की बी.एड. तबस्सुमला शिक्षिका व्हायचं होतं, आणि तेही अंधांच्या शाळेत नाही. "दिसनाऱ्या पोट्ट्यायले शिकवीन," म्हणायची. "त्यायलेच जास्त गरज हाये." हे ऐकून रऊफभाई दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, पुढच्या वर्षी मास्तरीणबाई होणार.

शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी त्या लेखनिक मुलीचा फोन आला. तिच्या स्वतःच्या सीईटीची तारीख नेमकी तीच निघाली होती. ती रडत होती. मी तिला म्हटलं, "बाळा, तू तुझी परीक्षा दे." दुसरं काय म्हणणार? जुने दिवस असते तर माझ्या यादीत अशा वेळेसाठी दोन मुली राखून ठेवलेल्या असत. मी अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूरपर्यंत उभीच होते. खिडकीतून तापलेला वारा आत येत होता, दोन्ही बाजूंना कापूस वेचून उलंगलेली, काळी, भेगाळलेली वावरं, आणि मी एकेक नंबर फिरवत होते. बोरगाव मंजू आलं तेव्हा माझी अकोल्याची आतेबहीण म्हणाली, शेजारची वैष्णवी आहे, अकरावी झाली, वर्गात पहिली असते. परीक्षेचे केंद्राधिकारी ओळखीचे होते म्हणून लेखनिक बदलाचा अर्ज त्यांनी संध्याकाळी तरी घेतला.

त्या संध्याकाळी रऊफभाईंच्या दुकानात, अर्धवट शिवलेल्या गादीवर, मी त्या दोघींना समोरासमोर बसवलं. दहा-बारा रविवारांचं काम तीन तासांत करायचं होतं. वैष्णवी गुणी मुलगी, पण प्रत्येक वाक्यापाशी थबकायची, तबस्सुम चुकली की ओठ चावायची. वेग येईना. शेवटी मी म्हणाले, दर उत्तराला वाचून दाखवायला वेळ घालवू नका, सगळं लिहून झालं की शेवटी एकदा वाचा. तबस्सुमनं मान वळवली. "मॅडम, हे तुमीच सांगून राहिल्या का?" मी म्हटलं, उद्यापुरतं. ती पहिली तडजोड. एकदा पाय घसरला की माणूस सावरायचं सोडून पळायला लागतं, तसं माझं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्यवेक्षक तबस्सुमला हाताला धरून वर्गात घेऊन गेले. मी वैष्णवीला फाटकापाशी थांबवलं. आता ते मी लिहितेय, तर माझा हात थांबतोय.

मी तिला म्हणाले, "ती कुठे अडली तर तुला येतं ते घाल. थोडंसंच. तिला सांगू नकोस."

वैष्णवी माझ्याकडे बघतच राहिली. "पन मॅडम, कालच तं तुमी म्हनलं, पेन तुझं..."

"काल म्हटलं ते जाऊ दे. तिचं वर्ष आहे हे."

इतकी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी मी मुलींना झापलं, यादीतून काढलं, तीच मी त्या सोळा वर्षांच्या पोरीला करायला सांगितली. दया म्हणून नाही. मी घाबरले होते. केंद्र बंद पाडणाऱ्यांना दाखवायचं होतं की बघा, तुमच्याशिवायही माझी मुलगी पास झाली. त्यात तबस्सुम किती होती आणि मी किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

तिला वेगळी खोली दिली होती, तळमजल्यावरची, पलीकडे व्हरांडा. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. दहा वाजेपर्यंत पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मग वीज गेली. पंखे गरगरत थांबले आणि अख्खी इमारत एकदम गप्प झाली. पर्यवेक्षकांनी खिडकी सताड उघडली. आतून तबस्सुमचा आवाज येऊ लागला, सपाट, सावकाश, एकेक वाक्य तोडून. मध्येच ती थांबायची, आठवायची. ती थांबली तरी पेन चालूच असायचं. ते मला बाहेर ऐकू येत होतं. तिला आत येत नसेल?

अंध परीक्षार्थींना तासामागे वीस मिनिटं जास्त मिळतात. शेवटचा अर्धा तास उरला तेव्हा ती म्हणाली, "आता वाच."

वैष्णवी वाचू लागली. तिला घातलेली वाक्यं गाळून वाचता आलं असतं. तिला ते सुचलंच नाही. तिनं सगळं वाचलं. पंचायत राजच्या उत्तरावर तबस्सुम म्हणाली, "थांब. हे मी बोलली नाई."

 मग पुन्हा वाचन. पुढच्या उत्तरावर पुन्हा, "हेबी माहं नाई."

"राहू द्या ना," पर्यवेक्षक हळूच म्हणाले. "बरोबर आहे उत्तर. तुमचाच फायदा आहे."

"सर, बरोबर असन. माहं नाई ते." मग ती वैष्णवीकडे वळली. "काहून लिहिलं तू?"

मी उठून उभी राहिले होते. खिडकीतून वैष्णवी मला दिसत होती आणि तिला मी दिसत होते.  ती एकटक माझ्याकडे बघत होती, आणि मी काही बोलेन म्हणून थांबली होती. मी बोलले नाही. बोलले असते तर लेखनिक रद्द, पेपर रद्द, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय. ते कदाचित खरंही असेल.

"माह्यं चुकलं ताई," वैष्णवी म्हणाली. "माह्या मनानं लिहिलं."

"खोड," तबस्सुम म्हणाली. "दोन्ही उत्तरं पुरी खोड. आडवी रेघ मार. आवाज आला पायजे मले."

रेघेचा आवाज मलाही आला. मग तिनं पहिलं उत्तर नव्यानं सांगितलं, धापा टाकल्यासारखं, आणि ते संपता संपता घंटा झाली. दुसरं तसंच खोडलेलं राहिलं.

बाहेर आल्यावर ती भिंतीला हात लावून उभी राहिली. घामानं तिची ओढणी मानेला चिकटली होती. "उद्या मी वर्गात उभी राहीन मॅडम," म्हणाली, "तवा मनात येईन, इथं मी नाई, दुसऱ्याची पोरगी उभी हाये. मंग कशी शिकवू?" आणि मग, "तुमी शिकवलं नव्हतं का हिले?"

मी म्हणाले, "शिकवलं होतं."

ते खरं होतं. एवढं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

तो पेपर तिचा राहिला. थोडक्यात राहिला, असं म्हणतात, जणू थोडक्यात राहिलेल्याला वर्ष कमी लागतं. हिवाळी परीक्षेला तिच्या लेखनिकाच्या अर्जावर सही करणारंच कोणी नव्हतं. केंद्रातल्या माझ्या टेबलाच्या जागी आता जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. तो हिवाळा तसाच गेला. रऊफभाईंनी गिऱ्हाइकांना सांगणं बंद केलं. मला मात्र ईदेला शीरखुर्म्याचा डबा आला, दर वर्षीसारखाच, बसच्या कंडक्टरच्या हाती. तो डबा मी दोन दिवस उघडला नाही.

वैष्णवीबद्दल बहिणीकडून कळायचं. ती तबस्सुमला आवाजी निरोप पाठवायची, दिवाळीला, संक्रांतीला, ईदेला. माफ करा ताई. उत्तर कधी आलं नाही. मला तिनं एकदाही फोन केला नाही. शहाणी मुलगी. मोठी माणसं कशी असतात ते तिला सोळाव्या वर्षीच कळलं, आणि ते तिला मी शिकवलं.

वर्षभर मी मोठमोठं बोलत राहिले. कपातीविरुद्ध निवेदनं लिहिली, सह्या गोळा केल्या, एका सभेत तबस्सुमचं उदाहरण दिलं आणि टाळ्याही घेतल्या. सगळं खरंच सांगितलं, फाटकापाशी बोललेलं ते एक वाक्य सोडून. निधी कापणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. पण दिवसभर त्यांच्यावर संतापण्यात सोय अशी होती की माझ्याकडे बघायला वेळच उरायचा नाही.

या मार्चमध्येही फोन वाजत होतेच. त्यातला एक तबस्सुमचा होता.

"मॅडम, या वर्षी आमी पाच जनं हाओ अकोल्यात. पाचांचंबी मीच पाहून राहिली. सहा पोरी जमवल्या. तुमी रविवारी या, त्यायले शिकवा. तुमच्याइतकं कडक कोनी नाई."

नाही म्हणायला मला एकही कारण सापडलं नाही. मागच्या रविवारी मी गेले. रऊफभाईंनी दुकानातला माल रस्त्यावर काढून जागा केली होती. सहा मुली दाटीवाटीनं बसल्या होत्या, दुपट्टे मांडीवर, वह्या उघडलेल्या. मी प्रश्न दोनदा वाचायचा ते सांगितलं, उसाशाचं सांगितलं, मुली हसल्या. तबस्सुम माझ्या शेजारी गादीवर बसली होती, आणि तिला हा विषय माझ्यापेक्षा चांगला येतो हे तिच्या मान डोलावण्यावरून दिसत होतं.

मग ती म्हणाली, "आता वैष्णवीचं सांगा यायले. नाव नका घेऊ. पन एका लेखनिकीनं कसा घात केला, ते सांगा."

 सहाही पेनं वर उचललेली होती. मी काही तरी दुसरं बोलायला लागले, दोन वाक्यं बोलले, आणि मला पुढे जाता येईना.

"तबस्सुम," मी म्हणाले, "तिनं केलं नव्हतं. मी सांगितलं होतं तिला. फाटकापाशी. तुला सांगू नको म्हणाले होते."

 बाहेर रऊफभाई गिऱ्हाइकाशी बोलत होते, ते थांबले. तबस्सुमचा चेहरा तसाच राहिला. तिनं माझ्याकडे मानही वळवली नाही. ती गादीच्या कडेवरची शिवण बोटानं चाचपत होती.

"वर्षभर मी त्या पोरीसंगं बोलली नाई, मॅडम," ती म्हणाली. "तिचा एकबी मेसेज ऐकला नाई म्या."

मला वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कुर्त्याच्या खिशातून फोन काढला. पडद्यावर बोट फिरलं तसतसा फोन एकेक नाव भराभर वाचत गेला आणि एका नावावर थांबला. तिनं बोट टेकवलं, आवाज मोठा केला, आणि ज्या बाजूनं माझा आवाज आला होता तिकडे फोन धरला.

तिसऱ्या घंटेला उचलला गेला. पलीकडून एक धपापलेला, विश्वास न बसलेला आवाज म्हणाला, "ताई? तबस्सुमताई, तुमी फोन केला?"

 तबस्सुमचा हात माझ्यासमोर तसाच पुढे होता.

मी म्हणाले, "वैष्णवी, ताई नाही बेटा. मी बोलतेय."